मार्लिसचे भोपळे

"वहिनी, चार पावलं पुढे ये की! फक्त चार. तिथे बघ कसा मका उभा आहे, भिंतीसारखा!"

व्हर्लिन मागून ओरडला. व्हर्लिन म्हणजे मार्लिसच्या नवऱ्याचा चुलतभाऊ आणि या शेताचा मालक. मार्लिसने मागे वळूनही पाहिलं नाही. चहूबाजूंना मका डोक्याच्या वर गेलेला, पण ती उभी होती तिथे एक ताट नाही. नुसता चिखल, थोडं गवत, आणि तिच्या गमबुटावर बसलेला एक बेडूक. जूनमध्ये इथे पाणी तुंबलं आणि पेरलेलं सगळं कुजून गेलं.

"बेचाळीस ओळी, एकशे अठरा पावलं," ती म्हणाली. "त्यापुढे टेपने पाच फूट. आकडे मी नाही काढले, ऑफिसातून चिठ्ठी टाकल्यासारखे येतात."

"पण माझं शेत म्हणजे काय हे एवढं डबकं आहे का?"

"नाही. पण डबकं तुझ्याच शेतात आहे ना?"

तिने खिळा ठोकला, त्याला लाल झेंडी बांधली आणि कागदावर लिहिलं: कणसं, शून्य.

मागे ट्रेंट उभा होता. तिचा नवा साहेब. वय असेल अठ्ठावीस, बूट कोरे करकरीत, आता तेही चिखलाने माखलेले. तो आज फिरायला आला नव्हता. आयोवातल्या या कोपऱ्यातले बारा मोजणीदार त्याच्या हाताखाली होते. अकरा जणांच्या आकड्यांची सरासरी दर जागेला एकावन्न कणसं येत होती, एकट्या मार्लिसची चव्वेचाळीस. शुक्रवारी राज्याच्या पिकाचा अंदाज कळवायचा होता. मार्लिस चुकते असं ठरलं तर तिचे सगळे कागद बाजूला ठेवायचे आणि पुढच्या हंगामापासून तिला घरी बसवायचं, असा वरचा हुकूम. हे त्याने सकाळीच सांगितलं होतं, चाचरत, पण तोंडावर सांगितलं होतं. मार्लिसला तेवढं आवडलं.

ऑफिसात तिला भोपळाबाई म्हणायचे. नाव रसेलने पाडलं. रसेल सगळ्यांत जुना, चोवीस वर्षं मोजणी करणारा. "भोपळाबाई, आज किती पिकले?" असं विचारायचा आणि सगळे खो खो हसायचे. मार्लिसपण हसायची. चौदा वर्षं या कामात काढलेल्या बाईला असल्या टोमण्यांनी काय होतंय? पण कागद बाजूला ठेवणं वेगळं. ते तिला लागलं होतं.

गाडीपाशी येऊन तिने थर्मासातली कॉफी ओतली. व्हर्लिनच्या बायकोने दिलेल्या रुबार्बच्या आंबटगोड वड्या बॉनेटवर ठेवल्या.

"मार्लिसबाई, राग मानू नका," ट्रेंट म्हणाला. "पण जिथे मका नाहीच, तिथे मका मोजून काय उपयोग?"

"या शेताचे एकर किती धरलेत तुम्ही?"

"ऐंशी."

"त्या ऐंशीत हे डबकं आहे?"

त्याने मान डोलावली. डबकं होतंच ऐंशीत.

"मग एकर मोजताना डबकं घ्यायचं आणि कणसं मोजताना उडी मारून पुढे जायचं, हे कुठलं गणित?" मार्लिसने वडी मोडली. "अरे, शितावरून भाताची परीक्षा करता येते. येतेच. पण शीत हात पडेल तिथून, न बघता उचललं तर. चांगलं मऊ शीत शोधून उचललंस, तर खालचा करपलेला थर तुला कधी कळणारच नाही."

"बाकीचे अकरा जण शोधून उचलतात, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"माझे किती भोपळे आहेत?"

त्याने फोनवर बघितलं. "आजचा धरून चोवीस जागांत तीन."

"ते तीन काढ आणि सरासरी बघ."

ट्रेंटने बोटं चालवली. मग परत चालवली. "पन्नास पॉइंट तीन."

"म्हणजे भोपळे काढले की मीपण तुमच्यासारखीच. आता बाकीच्यांचे भोपळे किती?"

तो बराच वेळ खाली-वर सरकवत बसला. "अकरा जणांच्या दोनशे चौसष्ट जागा आहेत."

"आणि भोपळे?"

"एकही नाही."

"व्हर्लिन!" मार्लिसने हाक मारली. "यंदा आपल्याकडे किती जमीन पाण्यात गेली रे?"

"आठातला एक वाटा तरी गेला," तो वडी चघळत म्हणाला. "आमच्या गावच्या धान्यकोठारावर सगळे तेच रडतायत."

"आठातला एक वाटा बुडाला आणि दोनशे चौसष्ट वेळा एकाचाही पाय त्यात पडला नाही," मार्लिस म्हणाली. "एवढं नशीब असेल तर त्यांनी मोजणी सोडून लॉटरी काढावी."

व्हर्लिन एवढा हसला की वडीचा घास घशात अडकला. ट्रेंट मात्र हसला नाही. त्याला पटत होतं, पण पटणं परवडत नव्हतं. रसेलला खोटं ठरवणं म्हणजे गंमत नव्हती.

"हा झाला तर्क," तो म्हणाला. "मला पुरावा लागेल."

"रसेलने मोजलेली किती शेतं आहेत या भागात?"

"आठ. प्रत्येकात दोन जागा."

"झेंड्या अजून तिथेच आहेत. त्याचेच आकडे घेऊन आपण चालू. निवडायचं नाही, आठच्या आठ बघायची. सोळा जागा, दोनच्या आसपास झेंड्या सरकलेल्या सापडतील. न सापडल्या तर माझे कागद तू बाजूला ठेव. मी स्वतः सही करून देईन."

असलं बोलायला छाती लागते. पण मार्लिसला ती फुशारकी वाटलीच नाही. उद्या सूर्य पूर्वेला उगवेल म्हणावं, तितक्या साधेपणाने ती बोलली.

पहिल्या दिवशी चार शेतं झाली. ओळी मोजायच्या, आत शिरायचं, पावलं मोजायची. मक्याच्या पानांनी हात कापून निघाले. आठही झेंड्या बरोबर जागी. शेवटचं टेपचं टोक रसेलच्या खिळ्याला लागलं तेव्हा ट्रेंट नुसता तिच्याकडे बघत राहिला.

"काय बघतोस? माणूस कोरड्या जागी चोख चालतो. मीपण तेच म्हणतेय."

दुसऱ्या दिवशी पाचवं शेत. एकसष्ट ओळी, एकशे चाळीस पावलं. एकशे तिसाव्याला पायाखाली पचपच सुरू झाली. एकशे चाळिसाव्याला दोघंही चिखलात. टेपने पाच फूट, तिथेही चिखल. झेंडी नाही.

ट्रेंट पुढे गेला. मार्लिस मुद्दाम जागची हलली नाही. थोड्या वेळाने मक्यातून त्याचा आवाज आला, मोजत मोजत. "सतरा... अठरा... एकोणीस." मग, "मार्लिसबाई, झेंडी इथे आहे. मका पण छान आहे हो इथला!"

सातव्या शेतात तर दोन्ही झेंड्या सरकलेल्या निघाल्या. एक नऊ पावलं, एक सव्वीस. एकूण तीन.

"तुम्ही दोन म्हणाला होतात," ट्रेंट म्हणाला.

"आसपास म्हणाले होते. आसपास हा शब्द आमच्यात फार महत्त्वाचा आहे पोरा."

आता तो हसला. तिथेच बांधावर बसून त्याने वर फोन लावला. मार्लिसचे कागद जसेच्या तसे धरायचे. बाकी अकरा जणांनी शुक्रवारच्या आत सगळ्या जागा पुन्हा चालायच्या, टेप लावून. पलीकडून कोणीतरी आरडाओरडा करत होतं. ट्रेंटने तो ऐकून घेतला आणि तेच वाक्य परत म्हटलं. तेव्हा मार्लिसला वाटलं, हा टिकेल.

संध्याकाळी ती दारात गमबूट धूत होती, तेवढ्यात फोन वाजला. रसेल.

"मी लबाडी नाही केली," तो एकदम म्हणाला. "खरंच सांगतो. पोकळ जागा आली की वाटायचं, आपलंच पाऊल आखूड पडलं असेल. मका मोजायला पाठवलंय, तर मका असेल तिथेच थांबायचं असणार. चोवीस वर्षं असंच वाटलं बघ."

"माहितीये. मलापण पहिल्या वर्षी असंच वाटायचं."

"मग तू काय केलंस?"

"पाय उचलायच्या आधी डोळे खाली केले."

मग रसेल खाकरला.

"उद्या माझ्याबरोबर येतेस का, भोपळाबाई? माझ्या अजून आठ जागा राहिल्यात, त्यांतही भोपळे शोधायचेत म्हणे."

"फार नसतील. एखाद-दुसरा निघेल," मार्लिस म्हणाली. "आणि ते भारीतले चामडी बूट घालून येऊ नकोस. गमबूट आण."