माझ्याखालची उशी

मी टीव्हीचा लोखंडी स्टँड. घराच्या भिंतीवरचा नव्हे, चालत्या गाडीतला. गप्प राहणं हेच माझं काम, पण आता राहवत नाही.

माझे मालक सूर्यभान तीस वर्षं एसटीवर ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर त्यांनी जुनी ट्रॅव्हलर गाडी घेतली आणि आत पलंग, ओटा, संडास असं घरच करून घेतलं. बायको गोदाबाईचे गुडघे धरलेले. तिला अंथरुणासकट तिच्या बहिणीकडे नेता यावं, एवढीच हौस.

अकोल्यात जठारपेठेतल्या अब्दुल सत्तार मिस्त्रींनी मला बसवलं. बोटाने भिंत वाजवून ते म्हणाले, "भाऊ, मधात निस्ता प्लाय हाय. लोखंडी पाइप वीतभर बाजूले हाय. तिथं कसतो."

"वाकडं दिसते ना थे! मधातच लाव."

"दिसाले लावाचा का टिकाले?"

"तू चहा पी अन् मधात लाव."

मिस्त्रींनी चहा प्यायला. माझे चारही स्क्रू नुसत्या प्लायमध्ये गेले. "निदान गाडी चालवताना टीव्ही उतरवत जा," असं ते दोनदा बोलले. मालकांनी एकदाही उतरवला नाही.

तेल्हाऱ्याच्या पुढे खड्डेच खड्डे. वरचे दोन स्क्रू भोकातच हलू लागले. पलंगाचं एक टोक बरोबर माझ्याखाली. तिथे गोदाबाईचे पाय असायचे, डोकं नाही, तेवढाच मला धीर.

हिवरखेडला बहिणीच्या, मैनाबाईच्या अंगणात गाडी थांबली, तोंड उत्तरेला, सातपुड्याकडे. जेवून गोदाबाई जरा पडायला आली. खिडकीतून डोंगर बघून म्हणाली, "अगं बाई, उत्तरेले डोकं येते माह्यं!" जन्मात ती तशी झोपली नव्हती. तिने उशी उचलली आणि माझ्याखाली ठेवली.

मी हललो नाही, तरी प्लायचा भुसा तिच्या गालावर पडलाच. तिने उठून स्क्रू चाचपला.

"अवो, हे तं बोटानं फिरून राह्यलं!"

"काई होत नाई. गाडी उभी हाय ना." मालकांनी स्क्रू अंगठ्याने दाबला. "झोप आता."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग उशी उचलून तिने उत्तरेच्या टोकाला ठेवली आणि आडवी झाली.

मालक चमकले. "काहून वो, उत्तरेले?"

"मेल्यावर उत्तरेलेच ठेवता न डोकं? आतापासूनच सवय होऊ द्या."

मालक उठले आणि टीव्ही उतरवला.

आता तो गोधडीत गुंडाळलेला आहे. मी रिकामा. उद्या जठारपेठ. परतीच्या खड्ड्यांचं मला भय नाही, मालकांच्या 'मधातच'चं आहे. सत्तार मिस्त्री, मला वीतभर बाजूला घ्या. वाकडा दिसलो तरी चालेल. आणि त्यांनी पुन्हा चहा पाजला, तर तेवढा पिऊ नका.