पुराव्यासाठी कोंडलेला रेणू

मित्रांनो, मी प्रथिनाचा एक जुना रेणू आहे. नॉटिंगहॅमच्या एका प्रयोगशाळेतल्या फ्रिजमध्ये दोन वर्षे कोंडून पडलो आहे. उंची खुंटलेल्या मुलांना वाढवणे हे माझे काम; पण आजवर मी कोणाला तसूभरही वाढवलेले नाही.

उष्णतेने मी बिघडतो, तीव्र रसायनांनीही बिघडतो. म्हणून ग्लेनिस नावाच्या तंत्रज्ञ बाईंनी आमची कोरडी भुकटी, शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या प्लास्टिकसोबत पोलादी भांड्यात घातली. मग कार्बन डायऑक्साइड इतका दाबून भरला, की तो धड वायू राहिला नाही, धड द्रवही झाला नाही. त्याने ते प्लास्टिक कोमट असतानाच कणकेसारखे मऊ झाले आणि मी त्यात मळला गेलो. झडप उघडताच वायू उडाला, फवाऱ्याचे बारीक कण झाले आणि माझ्याभोवतीची भिंत कडक झाली. धुळीएवढी कोठडी, हलायलाही जागा नाही.

माझ्याच खेपेच्या इतर बाटल्या मुलांकडे गेल्या. त्यांना रोजच्या सुईऐवजी पंधरवड्यातून एक सुई पुरू लागली. आमची बाटली मात्र, पुढे खेपेबद्दल तक्रार आली तर तपासायला, पुरावा म्हणून मागे ठेवली. मला फार राग आला. अजूनही येतो.

गेल्या आठवड्यात लॉर्ना आली, दहा वर्षांच्या एडीची आई. तिने एडीची बाटली ग्लेनिसच्या टेबलावर ठेवली.

"सुई तुंबली गं. आत नुसता गोळा झालाय. एडी विचारतेय, परत रोज टोचणार का?"

"खेपच वाईट असेल तर सगळ्याच पोरांना रोज टोचावं लागेल," ग्लेनिस म्हणाली. "थांब, आपली ठेवलेली बाटली उघडते."

आमची भुकटी सुईतून सहज गेली. काही कण विरघळवून आतले माझे भाऊ तपासले, तेही शाबूत निघाले. तेवढे तरी सुटले.

"घरी कुठं ठेवली होतीस?"

"फ्रिजमध्येच. फक्त आदल्या दिवशी... गार औषध झोंबतं गं तिला. म्हणून टॉवेलात गुंडाळून गरम पाण्याच्या टाकीवर ठेवली."

"अगं, मायेनं उकडलंस की त्यांना."

लॉर्ना हसता हसता रडली. ग्लेनिसने तिला नवी बाटली दिली. एडीची रोजची सुई टळली.

मित्रांनो, औषधावर लिहिलेले वाचा आणि सांगितले तसेच ठेवा. तुमच्या मायेनेही आम्ही बिघडतो.

उघडलेली बाटली मुलांना देत नाहीत, पुरावा म्हणूनही ठेवत नाहीत. उद्या आम्हाला भट्टीत टाकतील. भिंत वितळेल खरी, पण तोवर मी उरणार नाही.