चारी बाजूंनी चार बोटं

मी बोलतोय. इकडे, इकडे बघा. टीव्हीत नाही हो, टीव्हीशेजारच्या स्टुलावर. निळ्या कव्हरात बुटांच्या खोक्याएवढा एक ठोकळा बसलाय ना, तो मी. कॉम्प्युटरचं कॅबिनेट.

मला बघून लोक काहीही विचारतात. स्पीकर आहे का? पाणी गरम करायचं काही आहे का? शेजारच्या काकूंनी तर एकदा बोलता बोलता माझ्या डोक्यावर चहाचा कपच ठेवला. पण मी कॉम्प्युटर आहे, आणि साधासुधा नाही, गेम खेळायचा. आमच्या जातीत बहुतेक सगळे गुडघ्याएवढे उंच, काचेच्या पोटात रंगीत दिवे लावून मिरवणारे. मी त्यातला नाही. मूर्ती लहान, कीर्तीचं काय ते तुम्हीच शेवटी ठरवा.

जन्म कारखान्यात. पत्रा कापला, वाकवला आणि मग भोकं पाडली. किती भोकं म्हणता, दोन्ही कुशींना भोकं, डोक्यावर भोकं, नुसती जाळी. मला तेव्हा फार वाईट वाटलं. एवढा चांगला गुळगुळीत पत्रा आणि त्याची चाळणी करून टाकली. ती भोकं म्हणजे माझं नाक आहे हे मला बरंच उशिरा कळलं. आणि ज्या घरात मी गेलो त्या घराला माझ्याहूनही उशिरा. सगळी भानगड तिथेच झाली.

दुकानात मी खालच्या फळीवर होतो. पोरं यायची, मला उचलायची, 'कसलं गोड आहे' म्हणायची आणि शेजारचं कपाटाएवढं धूड घेऊन जायची. गोड म्हटलं की समजायचं, आपलं लग्न काही जमत नाही.

मग एक दिवस त्या दोघी आल्या. मायलेकी. आईच्या गळ्यात माप घ्यायची टेप होती, घरून निघताना काढायची राहिलेली. ती कव्हरं शिवते. सोफ्याची, गाद्यांची, कुशनची, लोकांच्या घरातल्या कुठल्याही वस्तूची. आणि तिला दुकानदाराला घरचं सगळं सांगायची सवय आहे. लेक बिचारी 'आई, पुरे' अशा तोंडाने छताकडे बघत होती, आणि काउंटरवरचा चष्मेवाला मान डोलावत होता, त्यामुळे मलाही आख्खी गोष्ट फुकटात कळली.

घरात दोघीच. खोल्या दोन. बाहेर आई आणि तिची शिलाई मशीन, आतल्या खोलीत लेक आणि तिचा भलामोठा जुना कॉम्प्युटर. दार बंद, कानावर हेडफोन. समोरासमोर असल्या की लेकीचं बोलणं 'हं', 'बरं' आणि 'जेवण झालं का' एवढंच. पण दाराआड ती कुणाकुणाशी बोलत इतकी हसायची की भिंतीपलीकडे आईची सुई थांबायची. आई सांगत होती, 'हिचं हसणं मला भिंतीतून ऐकू येतं. एवढी छान हसते. कशाला हसते ते काही कळत नाही.'

तर आईने एक दिवस धीर करून म्हटलं होतं, बाहेर बस ना खेळायला, मी काही बोलणार नाही. लेकीने बराच विचार करून कबूल केलं. सुट्टी संपेपर्यंत बघू, नाही जमलं तर मी परत आत. आईची अटही एकच, आपल्या बैठकीच्या खोलीचं दुकान व्हायला नको. टीव्हीखालच्या खणात मावेल असंच घ्यायचं.

म्हणून मी. म्हणजे, एकदम मी नाही. लेकीला माझ्या शेजारचा एक आवडला होता, अंगाने अगदी बारीक, उभट. आईने खणाचं माप डोक्यात घेऊन त्याला टेप लावली आणि नाक मुरडलं, 'हे खणात ढिलं दिसेल.' मग मला लावली. लांबी, रुंदी, उंची. तिचा चेहरा असा काही उजळला, काय सांगू. 'हे बघ, अगदी अंगासरसं. सुई जाणार नाही मधून.'

चष्मेवाला म्हणाला, 'काकू, चारी बाजूंनी चार बोटं जागा सोडा बरं का. याला श्वास लागतो.'

आईने मान हलवली. नवा कपडा घेताना दुकानदार 'वेगळा धुवा' म्हणतो तेव्हा आपण हलवतो ना, तशीच. लेकीने मात्र तोंड उघडलं होतं. मी बघितलं. तिला कळत होतं. पण तिने आईकडे पाहिलं, टेप हातात धरून शाळेत बक्षीस मिळाल्यासारखी उभी होती ती, आणि लेकीने तोंड मिटलं. एकमेकींना न दुखवायच्या नादात माझी खरेदी झाली.

लेकीचा जुना कॉम्प्युटर दुकानात आणला आणि त्यातलं सगळं काढून चष्मेवाल्याने माझ्या पोटात भरलं. मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, वायरींचं भेंडोळं. शेवटचा स्क्रू लावताना तो माझ्यावर गुडघा टेकून बसला होता, सुटकेसवर बसतात तसा. घरी आलो तर काय, त्या घरात सगळ्यांना कपडे. फ्रिजला टोपी, मिक्सरला झालर, रिमोटला खोळ. आईला काही उघडं दिसलं की तिलाच थंडी वाजते. मला खणात सरकवलं, खट्ट आवाज झाला, आणि आई लांब जाऊन कौतुकाने बघत बसली.

पहिले काही दिवस तर नुसती धमाल. 'काही बोलणार नाही' हे आईचं वचन अर्धा दिवसही टिकलं नाही. हा कोण पडला? तो आपला होता की त्यांचा? मग याला मारलंस कशाला, त्याने काय केलं होतं? लेक आधी वैतागली, मग उत्तरं द्यायला लागली, मग तिने हेडफोनच काढून ठेवले आणि मित्रांचे आवाज खोलीत यायला लागले. एकजण सारखं काहीतरी चघळत बोलायचा, आईने त्याचं नाव चघळ्या ठेवलं. तोही 'काकू, आज काय शिवताय' म्हणून चौकशी करायला लागला. आणि ही सगळी टोळी लेकीला कॅप्टन म्हणायची. कॅप्टन, डावीकडून जाऊ का? कॅप्टन, थांबू का? आईने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिच्या पायाखालची मशीन एकदम थांबली. घरी स्वतःचा टॉवेल न सापडणारी पोरगी चारचौघांना कुठे जायचं ते सांगतेय.

तेव्हापासून मीही तिला कॅप्टनच म्हणतो.

पण माझं काय चाललं होतं ते कोण बघतंय? खणात डावीकडे लाकूड, उजवीकडे लाकूड, डोक्यावर लाकूड. आत घेतलेली हवा बाहेर टाकावी तर तीच परत नाकात. पंखा जिवाच्या आकांताने फिरायचा. आई म्हणायची, 'एवढ्यात दम लागतो का याला? नवीन आहे ना?' आई अंघोळीला गेली की कॅप्टन मला हळूच चार बोटं पुढे ओढायची. आई पुसायला आली की खणाच्या कडेशी बरोबर होईपर्यंत मागे ढकलायची. दोघी एकमेकींना चकार शब्द बोलत नव्हत्या. मी आपला रोज पुढे, रोज मागे, लहान मुलाच्या पाळण्यासारखा.

अशात तो रविवार आला. स्पर्धेचा शेवटचा सामना, भरदुपारी. सगळी सुट्टी ही टोळी त्याच्यासाठी घासत होती. आईला तारीख पाठ होती. कॅप्टन केस धुवायला गेली तेवढ्यात आईने कपाटातून काहीतरी काढलं.

कव्हर होतं. माझं. पडद्याचं जाड निळं कापड, आत अस्तर, कडेला पांढरी गोट, आणि मला चालू करायच्या बटणाच्या जागी टाके घातलेलं एक सुरेख काज. ती ते कॅप्टन घराबाहेर गेली की लपूनछपून शिवायची, मला माहीत होतं. मोठ्या दिवशी घरच्या माणसाला नवे कपडे घालावेत, तसं तिने मला ते घातलं. खणात परत सरकवताना जरा जोरच लावावा लागला.

कॅप्टन आली, बघितलं, आणि थबकली. टीव्हीतून चघळ्या हाका मारत होता. आई उभी होती, हाताची बोटं एकमेकांत गुंतवून. कॅप्टन म्हणाली, 'छान झालंय.' आणि खेळायला बसली.

मी प्रयत्न केला हो. शपथेवर सांगतो, पंखा मोडेपर्यंत प्रयत्न केला. पण तोंडावर उशी दाबून कुणी पळायला सांगितलं तर माणूस कितीसा पळणार? खेळ अगदी शेवटाला आला होता, चघळ्या ओरडत होता, 'कॅप्टन, आता तूच...' आणि मला भोवळ आली. स्क्रीन काळी. चघळ्याचा आवाज मधूनच तुटला.

कॅप्टनने मला परत चालू केलं तोवर सामना हातचा गेला होता.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने माझं कव्हर काढलं, घडी केली, सोफ्यावर ठेवली. म्हणाली, 'आई, सगळं झाकायलाच हवं असतं का तुला?' माझ्या वायरी काढल्या, मला उचललं आणि आत नेलं. दार बंद. सुट्टी संपायचीसुद्धा वाट पाहिली नाही तिने.

आतल्या टेबलावर चारी बाजूंनी मोकळं होतं. मी पोटभर श्वास घेतला, आणि मग मलाच माझी लाज वाटली. कारण कॅप्टन खेळली, पण हसली नाही. बाहेर शिलाई मशीनही गप्प होती. ती म्हातारी मशीन एरवी कधी गप्प बसत नाही. एवढ्याशा घरात दोघी आणि कुणाचाच आवाज नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारावर टकटक झाली. त्या घरात टकटक म्हणजे नवलच. एरवी दार बंद असतं किंवा आई सरळ आत असते. आई आली, एका हातात माझं कव्हर, दुसऱ्या हातात कपड्यावर खुणा करायचा खडू.

'हा श्वास कुठून घेतो ते याच्यावर काढून दाखव.'

'राहू दे ना, आई.'

'मला खरंच कळलं नव्हतं गं. तो चष्मेवाला बोलला होता. मला वाटलं, दुकानात बोलतात तसा बोलला.'

कॅप्टनने तिच्या हातातला खडू घेतला. 'मला माहीत होतं. दुकानातच.'

'मग बोलली का नाहीस?'

'टेप धरून किती खूश होतीस तू.'

आईने तिच्याकडे असं काही बघितलं, की मला वाटलं आता रडणार. पण ती म्हणाली, 'मूर्ख आहेस. मी काय काचेची आहे?' आणि फतकल मारून जमिनीवर बसली.

मला खाली घेतलं. कॅप्टनने मला कव्हर चढवलं, चालू केलं, आणि आईचा तळवा धरून कव्हराच्या आत, माझ्या कुशीला लावला. 'इथून आत घेतो.' मग डोक्यावर. 'इथून सोडतो.' आईने हात झटकन मागे घेतला. 'अगं बाई, ताप आहे याला. आणि मी वर गोधडी घातली.'

आणि कॅप्टन हसली. तेच ते हसणं, खदखदून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मध्ये भिंत नव्हती. आईला आता कळत होतं कशाला हसते ते.

खडूच्या खुणा झाल्या. आईने कात्री घेतली, आणि जरा थांबली. पुरं झालेलं शिवण, गोट लावलेलं, त्यात कात्री घालायची. मग घातली. तिन्ही बाजूंना मोठ्या खिडक्या कापल्या आणि त्यांना जुन्या मच्छरदाणीची जाळी लावली. खणाचं नाव तिने स्वतःच काढलं नाही. शिलाई मशीनजवळचं स्टूल ओढलं, मला त्यावर बसवलं, आणि भिंतीपासून अंतर बोटांनी मोजलं. चार. चष्मेवाल्याची चार आणि वर स्वतःची दोन. खणात आता दोऱ्याची रिळं असतात.

सुट्टी संपली. 'परत आत'चा विषय कुणी काढला नाही.

बरीच वर्षं झाली त्याला. माझ्या पोटातलं बहुतेक सगळं बदललं, पत्रा तेवढा तोच. कॅप्टनला दुसऱ्या गावात नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी आईने माझं कव्हर धुतलं, मला त्यात गुंडाळलं आणि बॅगेत ठेवलं. तुझी वस्तू आहे, म्हणाली, घेऊन जा. आणि मी मावलो हो. कपड्यांच्या दोन घड्यांमध्ये अगदी अंगासरसा. लहान असण्याचा एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

कॅप्टनने चेन लावताना बघितलं. मला बाहेर काढलं आणि स्टुलावर ठेवलं.

'हे इथेच राहणार. मी तिकडे दुसरं बघते. संध्याकाळी काम आवरलं की तू हे चालू करायचंस.'

'मी? आणि करू काय?'

'गाडी चालव.'

चालवते. शर्यतीच्या खेळात लाल सिग्नलला थांबते. मागून येणाऱ्याला हात केल्यासारखी बाजू देते. चघळ्या अजून चघळतोच, आणि ओरडतो, 'काकू, ब्रेक नाही, दुसरं, दुसरं बटण.' आणि तिकडून, कुठल्याशा दूरच्या खोलीतून, कॅप्टन हसते. ते हसणं माझ्या पोटातून वाट काढत या खोलीत येतं.

तर माझ्यासारखा कुणी घरी आणणार असाल तर खणाचं माप नीट घ्या आणि त्यातून चारी बाजूंनी चार बोटं वजा करा. एखाद्यावर फारच जीव असेल आणि कव्हर शिवल्याशिवाय राहवणारच नसेल, तर खुशाल शिवा. फक्त आधी त्याला विचारा, बाबा रे, तू श्वास कुठून घेतोस.

चला, म्हातारी मशीन थांबली. आई उठतेय. हात पुसतेय, काजातून बोट घालतेय. आता मी गप्प बसतो, या घरात माझ्याहून महत्त्वाचं काहीतरी ऐकू येणार आहे.