उजव्या हाताचा न्यास

"आजोबा, खांदा नाही, हात उचलायचाय. खांदा चीटिंग करतोय."

फिजिओथेरपिस्ट नम्रता समोर स्टुलावर बसली होती. रंगनाथरावांनी दात आवळून उजवा हात वर नेला. तो छातीपर्यंत आला, थरथरला आणि मांडीवर पडला.

"अरे वा! मागच्या आठवड्यात पोटाच्या वर येत नव्हता. आता टार्गेट काय ठेवायचं? चमचा? शर्टाची बटणं?"

"शेंडी," रंगनाथराव म्हणाले.

नम्रताने त्यांच्या गुळगुळीत टकलाकडे पाहिलं. "कुठली शेंडी?"

"नसली तरी जागा आहे ना," त्यांच्या पत्नी यमुनाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

रंगनाथराव पोस्टात कारकून होते. लग्नाआधीच वडिलांनी त्यांना देवीची दीक्षा दिली होती. त्या पूजेत आधी न्यास करायचा. म्हणजे मंत्र म्हणत उजव्या हाताने आपल्याच छातीला, मस्तकाला, शेंडीच्या जागी, खांद्यांना, डोळ्यांना स्पर्श करायचा आणि शेवटी डाव्या तळहातावर दोन बोटं वाजवायची. जिथे स्पर्श होईल तिथे देवी येऊन बसते, असं वडील सांगत. देवीची पूजा देवी होऊनच करायची.

रंगनाथराव आजवर हे सगळं पाकिटांवर शिक्के मारल्यासारखं उरकत आले होते. उन्हाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला आणि शिक्के मारणारा हातच गेला. तेव्हा त्यांना पहिल्यांदा प्रश्न पडला. ज्या हाताला गरम-गार कळत नाही, त्याने बोलावल्यावर देवी कशी येईल? आणि इतकी वर्षं तरी ती आली होती का? हे विचारावं असं कोणी आता उरलं नव्हतं.

घटस्थापना जवळ आली तेव्हा विश्रांतवाडीहून मुलगा आला. तेजसने सगळं ठरवूनच आणलं होतं.

"बाबा, या वर्षी गुरुजींना बोलावू. ते सगळं करतील. तुम्ही खुर्चीवर बसून नमस्कार करा."

"एकदा खुर्चीवर बसलो की पुढच्या वर्षी मला पाटावर कोण बसवणार?"

"हा तुमचा इगो आहे."

"असेल," रंगनाथराव म्हणाले. "असेलही. पण बसणार मी पाटावरच."

शेवटी असं ठरलं, की गुरुजी येतील. रंगनाथरावांना न्यास जमला तर पूजा तेच करतील. नाहीतर गुरुजी.

मग ते रोज सकाळी भिंतीकडे तोंड करून बसू लागले. हात हनुवटीपर्यंत जायचा आणि पडायचा. एकदा यमुनाबाई पोळ्या टाकून जवळ आल्या.

"मी धरू का हात?"

"मग तो तुझा न्यास होईल."

"होऊ दे की. मी काय देवी म्हणून वाईट दिसेन?"

"तू आहेसच गं. माझं काय ते बघू दे."

घटस्थापनेला गुरुजी स्कूटरवरून आले आणि आल्या आल्या म्हणाले, "कसबा पेठेत अजून दोन घरं आहेत हो. लवकर आवरू." तेजसने ठरलेलं सांगितल्यावर त्यांनी पाटावर बसलेल्या रंगनाथरावांकडे नीट पाहिलं.

"काका, न्यास मनानेही करता येतो. शास्त्रात सोय आहे तशी."

"ठाऊक आहे. ज्याला हातच नाही त्याच्यासाठी. मला आहे."

पहिला स्पर्श छातीला झाला. मस्तकाकडे निघालेला हात हनुवटीपाशी अडला आणि पडला. त्यांनी पुन्हा छातीपासून सुरुवात केली. पुन्हा पडला. तेजस पुढे सरकला, तेव्हा यमुनाबाईंनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. तो मागे झाला.

तिसऱ्यांदा हात छातीशी आला आणि रंगनाथरावांनी त्याला पुढे ओढायचं सोडून दिलं. त्यांनी मान खाली घातली. हळूहळू वाकत कपाळ बोटांना टेकवलं आणि मंत्र म्हटला. कोपर गुडघ्यावर रोवून आणखी वाकले, तेव्हा शेंडीची जागाही बोटांखाली आली. खांद्यासाठी सगळं अंग वळवलं. डोळ्यांपाशी थांबले, श्वास घेतला, मग डोळेही नेले. घाम नाकावरून पाटावर पडत होता. बोटांना काही कळत नव्हतं. पण कपाळाला कळत होतं, पापण्यांना कळत होतं.

शेवटी डावा तळहात उजव्या बोटांखाली धरला. पहिल्यांदा आवाज झालाच नाही. दुसऱ्यांदा झाला, नख नखाला लागावं तेवढा.

गुरुजी आपल्या आसनावरून उठले. पळी आणि पंचपात्र त्यांनी रंगनाथरावांच्या डाव्या हाताशी ठेवलं, क्षणभर थांबले आणि उचलून उजवीकडे ठेवलं.

रंगनाथरावांनी पळी भरली. निम्मं पाणी सोवळ्यावर सांडलं. उरलेलं त्यांनी देवीच्या पायांवर घातलं आणि पळी पुन्हा पाण्यात बुडवली.