ठकीच्या वाटचं दूध

ठकी सकाळपासून तिसऱ्यांदा ओकली आणि अंबुबाई फडकं घेऊन धावली. बारा वर्षांची म्हातारी मांजर. दोन महिने तिचं पोट थाऱ्यावर नव्हतं. कधी उलटी, कधी ढाळ, नुसती हाडं उरलेली.

चिखलीत तेव्हा उंदीर धरील तोवरच मांजराचा मान. ठकीने उंदीर धरणं सोडलं होतं, आणि वर परवा ज्वारीच्या पाटीतच घाण केली. अंबुबाईचा नवरा सोपानराव शब्दाला पक्का. "आमुशापतुर बघतो. न्हाई बरी झाली तर पोत्यात घालून इंद्रायणीपल्याड सोडणार."

अमावास्येला नऊ दिवस होते. पल्याड कुत्री टपलेली असतात, हे सांगायला पंचांग लागत नाही. शिवाय सासरी सांगवीला जाताना लेकीने बजावलं होतं, "आई, माझ्या ठकीला जप."

मग अंबुबाईने खंडोबाला भंडारा वाहिला आणि दूध सोडलं. ठकी बरी होईस्तोवर चहात दुधाचा थेंब नाही. सोडलेलं दूध वाया कशाला घालवायचं? ते सगळं ठकीच्या मातीच्या परळात.

ठकी परळ चाटूनपुसून साफ करी, तेवढाच अंबुबाईला धीर. घटकाभरात पोट पुन्हा वाहायला लागे. नवसात काही उणं राहिलं असेल, म्हणून बाईने रात्रीचा दूधभातही सोडला. परळ काठोकाठ भरू लागलं.

तीन दिवस उरले तेव्हा ठकीला टोपलीत घालून ती पिंपरीच्या ढोरांच्या डॉक्टरकडे चालत गेली.

"खायला काय घालता?" डॉक्टरांनी विचारलं.

"दूध, साहेब. माज्या वाटचं समदं."

"मग तेच बंद करा. या वयात तिला दूध पचत नाही. भाताची पेज अन् उकडलेली मासळी, थोडी थोडी, चार वेळा. आणि हे जन्मभर सांभाळावं लागेल."

अंबुबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. देवाला साकडं घालून आपणच आपल्या हाताने मारत होतो की हिला.

पुढचे दोन दिवस ती चुलीपुढे पेज ढवळत होती आणि ठकीच्या घाणीसाठी कोपऱ्यात पसरलेली राख चाळून बघत होती. अमावास्येला सकाळी सोपानराव पोतं घेऊन आला. अंबुबाईने राखेकडे बोट केलं. विष्ठा घट्ट होती. त्याने वाकून पाहिलं आणि पोतं परत खुंटीला टांगलं.

"नवस फिटला. घे आता चहात दूध," तो म्हणाला.

तिने दुधाचं भांडं उचललं. तेवढ्या आवाजाने ठकी धावत आली आणि रिकाम्या परळापाशी बसून वर बघू लागली. अंबुबाईने भांडं झाकून ठेवलं.

"हिच्यादेखत कसं पिऊ?" म्हणाली, आणि कोरा चहा ओठाला लावला.