माखाओलाचं उरलेलं कडवं

"त्या दिवशी जिथं थांबलास ना, तिथनं पुढं म्हण," मा-पुलेंग म्हणाली.

अंगणात तीस-चाळीस माणसं होती. वर्षाचं सुतक संपलं होतं, सकाळीच तिच्या अंगावरचे काळे कपडे उतरवले होते. मेंढरू कापलं होतं आणि तिच्या नवऱ्याचे, माखाओलाचे, भाऊबंद ज्वारीच्या दारूची भांडी घेऊन भिंतीला टेकले होते. मी मुद्दाम मागे गोठ्यापाशी बसलो होतो. माखाओलाच्या चुलत्यानं खाणीवर निरोप धाडला म्हणून आलो, नाहीतर आलोच नसतो. जेवावं आणि गुपचूप सटकावं, एवढाच बेत होता.

"कुठलं पुढं?" मी विचारलं.

"वेड पांघरू नकोस, सेखोबे. तुझं सेफेला. तू त्याचं नाव घेतलंस नि मी खाली पडले. पुढचं मी ऐकलंच नाही."

माखाओला आणि मी एका गावचे, एका खाणीतले, एकाच टोळीतले. तो दगडाखाली गेला, त्याला तिकडेच पुरलं, आणि बातमी घरी न्यायला गाववाल्यांनी मला निवडलं. रीत मला ठाऊक होती. निरोप्यानं वाटेत थांबायचं नाही. थेट मयताच्या चुलत्याकडे जायचं, पाणी मागायचं आणि खालच्या आवाजात सांगायचं. बायकोला घरातल्या म्हाताऱ्या सांगतात. आधी तिला जमिनीवर बसवतात, मग सांगतात.

मी बसमधून उतरलो, तर समोरच्या घरावर पांढरं फडकं लावलेलं. ताजी दारू तयार आहे, याची ती खूण. खरं सांगू? तहान नव्हती. चुलत्यासमोर जायची हिंमत होत नव्हती, म्हणून आत शिरलो. आत डोंगराकडचा एक बढाईखोर काठी नाचवत आपलं सेफेला, म्हणजे खाणवाल्याचं स्वतःचं गाणं, म्हणत होता. मला बघून म्हणाला, "खालच्या गावांतल्या लोकांना नुसतं प्यायला येतं. म्हणायला तोंड लागतं, बाबा." झालं, माझं टाळकं सटकलं. पैज लावून मीही काठी उचलली.

आम्ही खाणीवर जाणारे सेफेला बसून म्हणत नाही. काठी घेऊन येरझारा घालायच्या आणि चाललेल्या वाटा, ओलांडलेल्या नद्या, गेलेले सोबती, सगळं गुंफत जायचं. लोक दाद देत होते. मेलेल्या सोबत्याचं कडवं आलं की समोरचा हरतो, हे मला माहीत होतं. मी माखाओलाचं नाव घेतलं. मा-पुलेंग दारातच उभी होती. शेजारणीसाठी दारू न्यायला आली होती बिचारी.

मी तिच्या नवऱ्याचं मरण पैज जिंकायला वापरलं. याला दुसरं नाव नाही. त्यानंतर सुट्टी मिळाली तरी मी वर्षभर गावाकडे फिरकलो नाही.

"म्हण रे," चुलता म्हणाला. "बाईनं मागितलंय."

मी काठी घेऊन उठलो.

*माखाओला, डोंगरातला बैल,*
*दगड कोसळला तेव्हा तो हसला,*
*पापणी लवायच्या आत गेला…*

भाऊबंदांनी हुंकार दिला. मा-पुलेंगनं हात वर केला.

"हसताना तू पाहिलंस त्याला?"

सेफेलात माणूस फुगवून सांगतो, पण न पाहिलेलं सांगत नाही. हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. माखाओलाही सेफेला म्हणायचाच की.

"तो लगेच गेला, असं तुम्ही सगळ्यांनी सांगितलंत," ती म्हणाली. "वर्षभर मी तेच धरून बसले. पण त्याच्या शेजारी तू होतास, नि तू माझ्या डोळ्याला डोळा देत नाहीस."

"आजच्या दिवशी कशाला, पोरी?" चुलता म्हणाला.

"आजच. सुतक फिटलं, उद्यापासनं मला कुणी विचारू देणार नाही."

आणखी चार ओळी खोट्या म्हटल्या असत्या, तर मटण खाऊन मी सुखानं घरी गेलो असतो. पण ती समोर उभी होती, आणि या वेळीही तिला कुणी खाली बसवलेलं नव्हतं. मी काठी जमिनीवर ठेवली.

*माखाओला कमरेपर्यंत दगडाखाली होता,*
*"सेखोबे" अशी त्यानं दोनदा हाक मारली.*
*माझा दिवा चालू होता, मला त्याचं तोंड दिसत होतं.*
*वरून खडी गळत होती, मी खाणीबाहेर नेणाऱ्या पाळण्याकडे पळालो.*
*पळालो, माणसांनो, मागं वळून पाहिलं नाही.*

कुणी हुंकार दिला नाही. माखाओलाचा धाकटा भाऊ उठून माझ्याकडे यायला निघाला. चुलत्यानं त्याचा दंड धरला.

"दोनदा?" मा-पुलेंगनं विचारलं.

"दोनदा."

"मग?"

"मग दुसरा दगड आला. हाक थांबली."

"वाटलंच होतं मला," ती म्हणाली. "गप्प मरणारा नव्हताच तो. माझ्याशी भांडायचा तर नदीपलीकडे ऐकू जायचं."

"मा-पुलेंग, मी…"

"माफी मागू नकोस, माझ्याकडं नाहीये ती. पण हे कडवं गाळायचं नाही आता. जिथं जिथं म्हणशील, तिथं हेही म्हणायचं."

"लोक थुंकतील माझ्यावर."

"थुंकू देत," ती म्हणाली आणि मटण वाढायला आत गेली.

त्याला सोळा वर्षं झाली. या सोळा वर्षांत मी एकही पैज जिंकलेली नाही. आधीची कडवी रंगतात, लोक उठून नाचतात, आणि मग माखाओला येतो. तेवढ्या पाच ओळींना माझ्याच्यानं येरझारा घालवत नाहीत. त्या मी एका जागी उभा राहून म्हणतो.