रामोनाने दिलेला चार्ज

"पेन खाली ठेव, रामोना," निकानोराबाई म्हणाल्या आणि तेरेरेचं शिंग त्यांनी तिच्या हातात दिलं.

शिंग हातात आलं की लिहिणं बंद, हा शनिवारच्या इंग्रजी वर्गाचा नियम. बाई आधी टेपवर दोन मिनिटांचं इंग्रजी व्याख्यान लावत, मग तेरेरे, म्हणजे शिंगातल्या वाळक्या पानांवर गार पाणी ओतून केलेलं पेय, हातोहात फिरू लागे. शिंग ज्याच्याकडे, त्याने नळीने प्यायचं आणि काय ऐकलं ते आपल्या इंग्रजीत सांगायचं. फेरी संपली की वहीत फक्त तीन ओळी. तेरेरेच्या फेरीत उगाच आभार मानायचे नसतात. ते एकदाच, आता पुरे, माझ्याकडे फिरवू नका, या अर्थी.

रामोना बेचाळिशीची, पुएर्तो कारांदाच्या रुग्णालयात नर्स. राजधानीत, असुन्सिओनला, डायलिसिसचं शिक्षण सुरू होणार होतं, तेही इंग्रजीत. प्रवेशपरीक्षेत व्याख्यान एकदाच ऐकवत आणि त्याचं सार विचारत. दोनदा ती नापास झाली होती. तिसरी संधी शेवटची.

कष्टात ती कमी नव्हती. कच्च्या वहीत ऐकलेला शब्द न् शब्द, मग घरी पट्टी घेऊन, लाल-निळ्या शाईत पक्की वही. सगळ्यांना शाळेत हेच वळण लागलेलं. वही पाहून डोळ्यांचं पारणं फिटावं, आणि परीक्षेत मात्र पाटी कोरी.

"वही एकटी गेली असती तर पास झाली असती," औषधाच्या दुकानातला डेर्लिस म्हणाला. "ही आडवी येते."

"तू गप. तुझी वही तुलाच वाचता येत नाही," बाईंनी त्याला झापलं.

रामोना बाईंकडे वळली. "बाई, शब्द सगळे आठवतात हो. पण त्यातलं सांगायचं कोणतं?"

बाईंनी डावा कान पुढे केला. "पुन्हा सांग." तिने पुन्हा सांगितलं.

"ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरला चार्ज देतेस ना? तेव्हा पेशंट दिवसभर बडबडला ते सगळं सांगतेस?"

"छे. तिला काय करायचंय? ताप किती, सलाईन कधी संपेल, आणि लक्ष कशावर ठेवायचं."

"मग या व्याख्यानाचा चार्ज दे की डेर्लिसला. वीस वर्षं करतेयस, मी काय शिकवणार?"

रामोनाने एक घोट घेतला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिने तीन गोष्टी सांगितल्या. तिन्ही बरोबर होत्या. बाईंनी शाबासकी दिली नाही, शिंग पुन्हा भरून तिलाच दिलं. तिला इतका आनंद झाला की पिताना ठसका लागला.

परीक्षेचा निकाल चार महिन्यांनी लागला. रामोना पास झाली होती. सोमवारी तिला निघायचं होतं, तरी शनिवारी ती वर्गाला आली. बाईंनी टेप लावला. आवाज आता इतका मोठा असे की शेजारची कुत्री भुंकत. वर्गातले सगळे त्यावर हसत, बाईही हसत. पण रामोनाने जन्मभर माणसंच पाहिली होती. बाई कधीपासून कान वळवतायत आणि कधीपासून ओठ पाहतायत, हे तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं. ऐकायला शिकवणाऱ्या बाईने हे कुणाला आणि कसं सांगावं, हेही तिला कळत होतं.

शिंग तिच्याकडे आलं. तिने ते संपवलं आणि डेर्लिसकडे वळून सावकाश इंग्रजीत बोलू लागली.

"पेशंट, आपल्या बाई. उजव्या कानाने ऐकू येत नाही, डाव्याने थोडं येतं. स्वतःहून कधी सांगणार नाहीत. गुरुवारी कानाचे डॉक्टर येतात, अकरा वाजता नाव घातलंय, तू घेऊन जायचं."

कुणी हसलं नाही. डेर्लिसला एकदाही 'पुन्हा सांग' म्हणावं लागलं नाही.

बाईंनी सगळं तिच्या ओठांवरून वाचलं. रागावतील असं रामोनाला वाटलं. बाई थोडा वेळ टेपच्या बटणाशी चाळा करत राहिल्या.

"तीनच गोष्टी," त्या म्हणाल्या. "जास्तीचं काही नाही. बरोबर आहे."

रामोनाने शिंग त्यांच्या हातात ठेवलं. "आभारी आहे, बाई."

बाईंनी मान हलवली आणि पुढच्यासाठी पाणी ओतलं. डेर्लिस उठला, आपली खुर्ची उचलून बाईंच्या डाव्या बाजूला नेऊन ठेवली, आणि शिंगासाठी हात पुढे केला.